प्रोलॉग सुरू होतं, पण उत्तर येत नाही: काढून परत टाकण्याआधी हे तपासा

दर सेमिस्टरला सबमिशन आठवड्यावर आलं की माझ्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी येते. "मॅडम, प्रोलॉग इन्स्टॉल केलंय, पण चालतच नाही." मी नाशिकला कॉलेज रोडजवळ राहते आणि शनिवारी दुपारी घरीच मुलांची प्रॅक्टिकलं करून घेते. अंबडहून, पंचवटीतून, देवळाली कॅम्पहून मुलं लॅपटॉप घेऊन येतात. गेल्या पावसाळ्यात सिन्नरच्या एका मुलीनं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तेच सॉफ्टवेअर चार वेळा उतरवलं, चार वेळा काढलं आणि परत टाकलं. तिच्या लॅपटॉपवर ते पहिल्याच वेळी नीट बसलं होतं. चूक होती तिच्या फाईलमध्ये, आणि तीही एका अंडरस्कोरची. तिचे ते दोन दिवस वाया गेले याचं मला फार वाईट वाटलं, म्हणून हे सगळं एकदा लिहून ठेवते आहे.

प्रोलॉग ही माहिती आणि नियम लिहून त्यांवर प्रश्न विचारायची प्रोग्रामिंगची भाषा, आणि हे लिखाण ती चालवणाऱ्या स्वि-प्रोलॉग या सॉफ्टवेअरबद्दल आहे. आपल्याकडची बहुतेक मुलं तेच वापरतात, ते मोफत आहे, आणि विंडोज, उबुंटू, मॅक तिन्हीवर चालतं. ॲमस्टरडॅम विद्यापीठात यान वीलेमाकर यांनी १९८७ मध्ये ते सुरू केलं आणि त्यावर आजही काम चालू आहे. मूळ प्रोलॉग त्याहून जुनं, १९७२ चं, फ्रान्समधल्या मार्सेचं. इतकी वर्षं घासून निघालेलं सॉफ्टवेअर तुमच्याच लॅपटॉपवर येऊन बिघडण्याची शक्यता कमी असते, एवढं मनात ठेवून पुढे वाचा.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक सूचना. प्रोलॉगचे स्वतःचे शब्द, म्हणजे कन्सल्ट, मेक, हॉल्ट, टेबल वगैरे, मी इथे उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिले आहेत. संगणकावर ते इंग्रजी छोट्या अक्षरांतच टाइप करायचे. नद्यांची, गावांची आणि नात्यांची (म्हणजे "मिळते" सारख्या संबंधांची) नावं मात्र नागरीत जशी दिसतात तशीच टाइप करायची. स्वि-प्रोलॉगला देवनागरी नावं चालतात. मी मुलांना मुद्दाम मराठी नावं वापरायला लावते, कारण "मिळते" हा शब्द वाचताना रूलचा, म्हणजे नियमाचा, अर्थ डोक्यात आपोआप येतो.

उदाहरणाला आपल्याच जिल्ह्यातल्या नद्या घेऊ. नाशिक जिल्ह्याचं पाणी दोन दिशांना जातं. गोदावरीच्या खोऱ्यातलं पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे, आणि गिरणेचं तापीतून अरबी समुद्राकडे.

मिळते(वालदेवी, दारणा).
मिळते(दारणा, गोदावरी).
मिळते(कादवा, गोदावरी).
मिळते(नासर्डी, गोदावरी).
मिळते(गोदावरी, बंगालचा_उपसागर).
मिळते(मोसम, गिरणा).
मिळते(गिरणा, तापी).
मिळते(तापी, अरबी_समुद्र).

यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक फॅक्ट, प्रोलॉगला दिलेली एक माहिती. ही फाईल "नद्या" नावानं, डॉट पीएल लावून सेव्ह करा. फाईलच्या आतली नावं मराठी असू द्या, पण फाईलचं नाव मात्र इंग्रजी अक्षरांत ठेवा. एन, ए, डी, वाय, ए. फोल्डरच्या नावातही मराठी अक्षरं आणि मोकळ्या जागा टाळा.

इन्स्टॉलेशन खरंच बिघडलंय का?

हे ठरवायला अर्धा मिनिट पुरतो. प्रोलॉग उघडा. प्रश्नचिन्ह आणि त्याला चिकटून आडवी रेघ दिसली की समोर "ट्रू" टाइप करा, फुलस्टॉप द्या आणि एंटर दाबा. उत्तरात ट्रू आलं तर इन्स्टॉलेशन ठणठणीत आहे. यानंतर काहीही अडलं तरी ते सॉफ्टवेअर काढायचं नाही.

खिडकीच उघडत नसेल तर दोनच गोष्टी पाहा. तुमचं विंडोज ३२-बिट असेल तर ६४-बिट इन्स्टॉलर त्यावर चालणार नाही. जुन्या घेतलेल्या लॅपटॉपवर हे अजून सापडतं. दुसरं म्हणजे, स्टार्ट मेनूतून प्रोलॉग उघडतं पण कमांड प्रॉम्प्टवर एस-डब्ल्यू-आय-पी-एल टाइप केलं की "अशी कमांड ओळखता येत नाही" असं येतं. हा पाथचा, म्हणजे विंडोज कमांड ज्या फोल्डरांत शोधतं त्या यादीचा प्रश्न आहे. इन्स्टॉल करताना एका पानावर पाथमध्ये जोडायचं का असं विचारलेलं असतं आणि सगळे घाईत नेक्स्ट दाबून पुढे जातात. प्रोग्राम फाइल्समधल्या स्वि-प्रोलॉगच्या फोल्डरात बिन नावाचं फोल्डर आहे, त्याचा पत्ता विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये पाथला जोडा. मग कमांड प्रॉम्प्टची खिडकी बंद करून नवी उघडा, कारण आधीच उघडलेल्या खिडकीला नवा पाथ दिसत नाही. उबुंटूवर पॅकेजचं नाव स्वि-प्रोलॉग असं आहे, मध्ये जोडरेघ, पण चालवायची कमांड तीच पाच अक्षरांची. पॅकेजच्या नावानं प्रोलॉग उघडत नाही म्हणून पॅकेज परत टाकणारी मुलंही मी पाहिली आहेत.

इन्स्टॉलेशनबद्दल एवढंच. खरा त्रास इथून पुढे आहे.

फाईल समोर दिसते, प्रोलॉगला सापडत नाही

चौकोनी कंसात फाईलचं नाव लिहून फुलस्टॉप दिला की फाईल वाचली जायला हवी.

?- [nadya].

त्याऐवजी लाल अक्षरांत "सोर्स सिंक… डझ नॉट एक्झिस्ट" असं आलं, तर प्रोलॉग दुसऱ्याच फोल्डरमध्ये उभं आहे, किंवा फाईलचं खरं नाव तुम्हाला वाटतं ते नाही. पी-डब्ल्यू-डी टाइप करून फुलस्टॉप द्या, प्रोलॉग कुठे उभं आहे ते कळेल. एल-एस आणि फुलस्टॉप दिलात की तिथल्या फाईलींची यादी येईल.

यादीत "नद्या डॉट पीएल डॉट टीएक्सटी" दिसलं तर चोर सापडला. नोटपॅड सेव्ह करताना शेवटी टीएक्सटी लावतं आणि विंडोज ते शेपूट लपवून ठेवतं, म्हणून फोल्डरमध्ये नाव बरोबरच दिसतं. सेव्ह ॲजमध्ये खालच्या खान्यात "ऑल फाइल्स" निवडून परत सेव्ह करा. फाईल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमधून फाईलनेम एक्स्टेन्शन्स कायमची दिसती ठेवा, म्हणजे हा प्रश्न पुन्हा येणार नाही.

फाईलचा पूर्ण पत्ता देणार असाल तर तो एकेरी अवतरणचिन्हांत द्या, आणि विंडोजच्या उलट्या तिरक्या रेघांऐवजी सुलट्या वापरा. अवतरणाच्या आत उलट्या रेघेला प्रोलॉगमध्ये वेगळा अर्थ आहे. एक्स्प्लोररमधून पत्ता जसाच्या तसा चिकटवला की तो याच कारणानं मोडतो. डेस्कटॉपवर ठेवलेली फाईल बऱ्याचदा वनड्राइव्हच्या आतल्या डेस्कटॉपमध्ये गेलेली असते, त्यामुळे मी मुलांना सी ड्राइव्हवर थेट एक साधं फोल्डर करायला सांगते. विंडोजवर सगळ्यात सोपी वाट म्हणजे फाईलवर डबल-क्लिक. प्रोलॉग ती वाचूनच उघडतं आणि त्याच फोल्डरमध्ये उभं राहतं. डबल-क्लिक केल्यावर भलतंच काही उघडलं तर त्या लॅपटॉपवर पर्ल ही दुसरी प्रोग्रामिंगची भाषा असू शकते. पर्ललाही डॉट पीएल हेच शेपूट आहे. तेव्हा डॉट प्रो वापरा.

उभी रेघ येते आणि सगळं थांबतं

"मॅडम, हँग झालं." बहुतेक वेळा हँग झालेलं नसतं. फुलस्टॉप द्यायचा राहिला की प्रोलॉग पुढच्या ओळीवर एक उभी रेघ दाखवतं आणि तुमचं वाक्य पूरं व्हायची वाट बघतं. फक्त फुलस्टॉप टाइप करा, एंटर दाबा. एखादं अवतरणचिन्ह किंवा कंस उघडा राहिला असेल तर फुलस्टॉपनंही सुटका होत नाही. तेव्हा कंट्रोल आणि सी दाबा, आणि प्रोलॉगनं "ॲक्शन?" विचारलं की इंग्रजी ए दाबा. तुम्ही परत प्रश्नचिन्हापाशी येता.

असंच दुसरं थांबणं उत्तर आल्यावर होतं. पहिलं उत्तर दाखवून प्रोलॉग तिथेच कर्सर ठेवतं, कारण आणखी उत्तरं शक्य असतात. सेमीकोलन दाबलात की पुढचं उत्तर येतं, एंटर दाबलात की संपतं.

फॅक्ट थेट प्रश्नचिन्हासमोर लिहिणे

फाईल न करता पहिल्याच ओळीत

?- मिळते(वालदेवी, दारणा).

असं लिहून एंटर मारला की "अननोन प्रोसिजर" येतं आणि मुलं हिरमुसतात. प्रश्नचिन्हासमोर लिहिलेली प्रत्येक गोष्ट हा प्रश्न असतो. तुम्ही प्रोलॉगला माहिती दिली नाहीत, वालदेवी दारणेला मिळते का असं विचारलंत, आणि "मिळते" म्हणजे काय हे त्याला अजून कुणी सांगितलेलंच नाही. रूल तिथे लिहिलात तर "रूल्स मस्ट बी लोडेड फ्रॉम अ फाईल" असं स्पष्टच येतं. झटपट प्रयोग करायचा असेल तर चौकोनी कंसात इंग्रजीत "यूझर" लिहून फुलस्टॉप द्या, आता फॅक्ट लिहा, आणि संपलं की कंट्रोल-डी. पण हे प्रोलॉग बंद केलं की पुसलं जातं. सबमिशनचं काम फाईलमध्येच करा.

फाईल बदललीत, सेव्ह केलीत, तरी उत्तर जुनंच येतंय? "मेक" आणि फुलस्टॉप. बदललेल्या सगळ्या फाईली परत वाचल्या जातात. याच्यासाठीही काही मुलं प्रोलॉग बंद करून परत उघडत बसतात.

आता ती अंडरस्कोरची गोष्ट

सगळ्यात जास्त दिवस खाणारी चूक ही आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्यालाच ती होते, म्हणून इंग्रजी पानांवर शोधून ती सापडत नाही. सिन्नरच्या त्या मुलीनं लिहिलेला रूल असा होता:

पोचते(क, ख) :- मिळते(क, ख).

फाईल वाचली गेली, एकही एरर आली नाही, वॉर्निंग नाही. मग तिनं विचारलं:

?- मिळते(वालदेवी, क).
false.

(ते शेवटचं उत्तर स्क्रीनवर इंग्रजीत येतं. इथून पुढे मी त्याला फॉल्स म्हणेन.) वालदेवी दारणेला मिळते हे पहिल्याच ओळीत लिहिलेलं असताना फॉल्स कसं? तिला वाटलं, सॉफ्टवेअरच खराब आहे. चार वेळा परत टाकण्याचं कारण हे.

ज्याच्या जागी प्रोलॉगनं उत्तर शोधून भरायचं ते व्हेरिएबल. प्रोलॉगमध्ये ते कसं ओळखतात? इंग्रजीत शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असेल तर ते व्हेरिएबल, छोटं असेल तर नुसतं नाव. देवनागरीत मोठं-छोटं अक्षर हा प्रकारच नाही. म्हणून नागरी अक्षरानं सुरू होणारा कुठलाही शब्द प्रोलॉगच्या दृष्टीनं नाव असतो. "क" हे व्हेरिएबल नाही, "क" नावाची एखादी नदीच आहे! प्रोलॉगनं प्रामाणिकपणे शोधलं की वालदेवी "क" या नदीला मिळते का, आणि तसं कुठे लिहिलेलं नसल्यानं फॉल्स म्हटलं. रूलचा अर्थही तसाच झाला: "क" ही नदी "ख" या नदीला मिळत असेल तर पोचते. व्याकरण शुद्ध, मग एरर कशाची येणार?

उपाय म्हणजे व्हेरिएबलच्या सुरुवातीला अंडरस्कोर.

पोचते(_क, _ख) :- मिळते(_क, _ख).

?- मिळते(वालदेवी, _क).
_क = दारणा.

इतकंच. पण अंडरस्कोरमुळे एक संरक्षण हातचं जातं, आणि ते ठाऊक असायला हवं. इंग्रजी मोठ्या अक्षराचं व्हेरिएबल रूलमध्ये एकदाच आलं तर प्रोलॉग "सिंगलटन व्हेरिएबल्स" अशी वॉर्निंग देतं. स्पेलिंग चुकलं की नेमकं हेच होतं, त्यामुळे टाइपिंगच्या चुका तिथेच पकडल्या जातात. अंडरस्कोरनं सुरू होणाऱ्या एकट्या व्हेरिएबलबद्दल मात्र प्रोलॉग गप्प राहतं. एके ठिकाणी "_नदी" आणि दुसरीकडे चुकून "_नदि" लिहिलंत तर कुणीच सावध करणार नाही, आणि उत्तरं मात्र भलतीच येतील. माझा स्वतःचा नेम असा: नदी, गाव, नातं यांची नावं मराठीत, आणि व्हेरिएबल मात्र इंग्रजीतलं एक मोठं अक्षर. दिसायला ते थोडं मिश्र दिसतं, पण ती वॉर्निंग मला सौंदर्यापेक्षा मोलाची वाटते. छोट्या प्रॅक्टिकलला अंडरस्कोर चालेल, फक्त व्हेरिएबलं एकाक्षरी ठेवा.

इंग्रजीत नावं लिहिणाऱ्यांची चूक याच्या बरोब्बर उलटी असते. नदीचं नाव विशेषनाम म्हणून मोठ्या अक्षरानं सुरू करतात, आणि ते व्हेरिएबल होऊन बसतं. मग काहीही विचारा, उत्तर ट्रूच.

दिसायला एकच, आतून दोन

हीही खास आपली अडचण. "खोऱ्यात" हा शब्द घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड खालचा टिंब धरून असलेलं ऱ हे अक्षर घालतात, काही साध्या र ला हलंत देऊन मागे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच. प्रोलॉग मात्र अक्षरांचे आतले कोड बघतं, आकार बघत नाही. फॅक्ट घरच्या कीबोर्डवर, रूल मोबाईलवर लिहून पाठवलेला, अशा वेळी कधी "अननोन प्रोसिजर" येतं, तर कधी सिंटॅक्स एरर. शब्द डोळ्यांसमोर असतो आणि प्रोलॉग म्हणतं की माहीत नाही. "ॲ" चंही तसंच. तो एकसंध अक्षर म्हणूनही येतो, आणि अ वर चंद्र देऊनही. एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरा, की जुळत नाही.

ओळखायची युक्ती सोपी आहे. फाईलमधला चालणारा शब्द कॉपी करून न चालणाऱ्याच्या जागी चिकटवा. लगेच चाललं तर दोष स्पेलिंगच्या आतल्या कोडाचा. शक्यतो एक प्रॅक्टिकल एकाच कीबोर्डवर लिहा, आणि नात्यांसाठी जोडाक्षरं कमी असलेले शब्द निवडा. "खोऱ्यात" ऐवजी "खोरे" ठेवलंत की प्रश्नच मिटला.

जुन्या डीटीपीच्या फाँटमध्ये, म्हणजे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्यामध्ये, टाइप केलेला मजकूर इथे उपयोगाचा नाही. तो फक्त त्या फाँटमध्ये मराठी दिसतो, आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. नोटपॅडमध्ये चिकटवला की त्याचं खरं रूप दिसतं. युनिकोडमध्ये परत टाइप करा.

सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना ते बघा. २०१९ नंतरच्या विंडोज १० मध्ये नोटपॅड आपणहून तेच निवडतं, त्याआधीचं नोटपॅड एएनएसआय निवडायचं आणि मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं व्हायची. प्रोलॉगच्या जुन्या आवृत्तीत फाईल वाचताना मराठीचा चोथा होत असेल तर फाईलच्या पहिल्याच ओळीत एन्कोडिंगचा निर्देश द्या: आधी कोलन आणि आडवी रेघ, मग एन्कोडिंग हा शब्द, कंसात यूटीएफ८, फुलस्टॉप. सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत, आणि इथे यूटीएफ आणि ८ यांच्यामध्ये रेघ नाही.

उत्तरात अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील तर उत्तर चुकलेलं नाही. विंडोजच्या जुन्या कमांड खिडकीच्या फाँटमध्ये देवनागरी नसते. स्टार्ट मेनूतली स्वि-प्रोलॉगची स्वतःची खिडकी वापरा, किंवा ब्राउझरमध्ये चालणारं स्विश उघडा. स्विश इन्स्टॉलही करावं लागत नाही, आणि लॅपटॉप नसलेल्या मुलांनी मोबाईलवर त्यात प्रॅक्टिकलं केली आहेत.

आकडे मात्र फाईलमध्ये इंग्रजीच लिहा. ते प्रत्येक आवृत्तीत बिनचूक चालतात. आणि कॉलेजच्या लॅबमध्ये दुसरं एखादं प्रोलॉग असेल, तर तिथे देवनागरी नावं चालतील असं धरून जाऊ नका. आदल्या दिवशी दोन ओळी चालवून बघा.

सिंटॅक्स एरर: मोकळी जागा

"ऑपरेटर एक्स्पेक्टेड" असं आलं की पाचांतल्या चार वेळा मोकळी जागा दोषी असते, असा माझा घरचा अनुभव. "मिळते" आणि त्यापुढचा कंस यांच्यामध्ये जागा चालत नाही. मोबाईलचा कीबोर्ड शब्द पुरा केला की आपणहून जागा सोडतो. नावाच्या पोटातही जागा नको, म्हणून वर "अरबी_समुद्र" लिहिलं आहे. जागा हवीच असेल तर पूर्ण नाव एकेरी अवतरणचिन्हांत घाला. पण ती चिन्हं सरळ हवीत. वर्डमधून चिकटवलेली वाकडी अवतरणचिन्हं प्रोलॉगला कळत नाहीत. कोड वर्डमध्ये लिहूच नका, आणि मैत्रिणीला पाठवायचा तर मजकूर म्हणून न पाठवता फाईलच पाठवा.

एररमध्ये ओळीचा क्रमांक असतो. तिथे काही सापडलं नाही तर त्याच्या वरच्या ओळीचा शेवट बघा. फुलस्टॉप तिथे राहिलेला असतो.

दोन फाईली केल्या आणि अर्धी माहिती गायब

एका मुलानं गोदावरीच्या उपनद्या एका फाईलमध्ये आणि गिरणेच्या दुसरीत लिहिल्या. विचार चांगला होता, दोन खोरी, दोन फाईली. पण दुसरी फाईल वाचली की पहिलीतलं "मिळते" जायचं. प्रोलॉगनं "रीडिफाइन्ड" असं सांगितलंही होतं, त्यानं वाचलं नव्हतं. एकाच नात्याचे फॅक्ट दोन फाईलींत असले की दुसरी फाईल पहिलीची जागा घेते. एकत्र हवे असतील तर दोन्ही फाईलींच्या सुरुवातीला मल्टिफाईल असा निर्देश, पुढे नात्याचं नाव, तिरकी रेघ आणि दोनचा आकडा. नाहीतर सरळ एक फाईल करा. एकाच फाईलमध्येही "मिळते" चे फॅक्ट सलग ठेवा. मध्येच धरणांचे फॅक्ट घुसवलेत तर "नॉट टुगेदर" अशी वॉर्निंग येते. फाईल तरीही चालते, पण ही वॉर्निंग बऱ्याचदा नावातली टाइपिंगची चूक दाखवून देते, म्हणून ती दुर्लक्षू नका.

फॉल्स म्हणजे "चूक" नव्हे

?- मिळते(वालदेवी, गोदावरी).

उत्तर फॉल्स. वालदेवीचं पाणी गोदावरीत जातं हे नाशिकरोडच्या कुणालाही ठाऊक आहे. पण आपण लिहिलं ते एवढंच, की वालदेवी दारणेला मिळते आणि दारणा गोदावरीला. फॉल्सचा अर्थ "तुम्ही दिलेल्या माहितीतून हे सिद्ध करता आलं नाही." जे सिद्ध होत नाही ते प्रोलॉग खोटं धरतं. ओरलला हा प्रश्न हमखास येतो. साखळीनं पोचणं हवं असेल तर त्याचा रूल आपणच लिहायला हवा, आणि तिथे शेवटची मोठी अडचण उभी राहते.

स्टॅक लिमिट एक्सीडेड

बहुतेक जण रूल असा लिहितात:

पोचते(_क, _ख) :- मिळते(_क, _ख).
पोचते(_क, _ग) :- पोचते(_क, _ख), मिळते(_ख, _ग).

मराठीत वाचायला हा अगदी बरोबर आहे. वालदेवीबद्दल विचारा. दारणा येतं, सेमीकोलन दाबल्यावर गोदावरी, मग बंगालचा उपसागर. पुन्हा सेमीकोलन दाबा, पंखा जोरात फिरू लागतो आणि थोड्या वेळानं "स्टॅक लिमिट (१.० जीबी) एक्सीडेड". इथेही मुलं सॉफ्टवेअरला किंवा लॅपटॉपच्या रॅमला दोष देतात. मर्यादा वाढवून काहीच होणार नाही. दुसऱ्या रूलमध्ये प्रोलॉग "पोचते" सिद्ध करायला निघतं आणि पहिलीच पायरी पुन्हा "पोचते". उत्तरं संपली तरी ते स्वतःलाच विचारत खोल खोल जातं. हे दोन रूल उलट्या क्रमानं लिहिलेत तर पहिलं उत्तरही मिळत नाही.

पहिला रूल तसाच ठेवा. दुसऱ्यात आधी एक पाऊल प्रत्यक्ष टाका, मग पुढचं विचारा:

पोचते(_क, _ग) :- मिळते(_क, _ख), पोचते(_ख, _ग).

आता प्रत्येक फेरीला आपण नदीनं एक टप्पा खाली उतरतो आणि समुद्राशी थांबतो. मोसमबद्दल विचारा: गिरणा, तापी, अरबी समुद्र, आणि मग शांतपणे फॉल्स.

नद्यांना एवढं पुरतं, कारण पाणी उलटं वाहत नाही. पण हाच रूल रस्त्यांना लावलात, नाशिकहून सिन्नर आणि सिन्नरहून नाशिक असे दोन्ही फॅक्ट लिहिलेत, तर प्रोलॉग नाशिक-सिन्नर-नाशिक अशा फेऱ्या घालत बसतं आणि तीच गावं पुन्हा पुन्हा दाखवतं. तिथे फाईलच्या वर टेबल असा निर्देश द्या: कोलन, आडवी रेघ, टेबल, मग "पोचते" हे नात्याचं नाव, तिरकी रेघ, इंग्रजी दोन आणि फुलस्टॉप. एकदा काढलेली उत्तरं प्रोलॉग लक्षात ठेवतं आणि त्याच प्रश्नात पुन्हा अडकत नाही. टेबल लावल्यावर डावीकडून स्वतःला बोलावणारा तो आधीचा रूलही चालतो. तरी परीक्षेत मी मुलांना रूल नीट लिहायला सांगते, कारण परीक्षक तोच बघतात.

एवढं करूनही अडलं तर शनिवारी येताना, किंवा कुणालाही विचारताना, स्क्रीनचा फोटो आणू नका. मूळ फाईल, तुम्ही विचारलेली क्वेरी आणि आलेली पूर्ण लाल ओळ कॉपी करून आणा. अंडरस्कोर आहे की नाही, ऱ कुठला आहे, कंसाआधी जागा आहे का, हे फोटोत दिसत नाही.